गुपचूप शस्त्रं गेल्याची बातमी आली की ती कशी तपासायची

२३ जानेवारी २०२४ रोजी मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरात कस्टम्सनं चीनहून कराचीला चाललेला माल उतरवून घेतला. जहाज सीएमए सीजीएम अटिला, माल सीएनसी (संगणकावर चालणारं, धातू कापणारं) मशीन, वजन २२,१८० किलो. बातमी बाहेर आली मार्च उजाडल्यावर. दुपारच्या जेवणापर्यंत आमच्या कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या निम्म्या ग्रुपवर ती फिरत होती आणि तोवर तिचा मथळा झाला होता, ‘पाकिस्तानचा अणुबॉम्ब मुंबईत पकडला’.

मी इथल्या एका फाउंड्रीत एक्स्पोर्टची कागदपत्रं बघते. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, बीएल (माल घेतल्याची जहाज कंपनी देते ती पावती) हेच माझं रोजचं काम, आणि आमचे कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागांचे, कंटेनरही हायवेनं त्याच न्हावा शेवाला जातात. शिवाय माझा धाकटा भाऊ फौजेत आहे. अशी बातमी आली की गडहिंग्लजहून वहिनीचा मेसेज ठरलेला, "ताई, हे खरं हाय काय?" तिला नुसतं ‘असेल’ किंवा ‘नसेल’ सांगून चालत नाही. तिची त्या रात्रीची झोप त्या उत्तरावर असते. तिला उत्तर देता देता बातमी तपासायची जी रीत बसली, ती इथं मांडते. या रीतीला खास ओळखी लागत नाहीत. कागद, पेन, फोन आणि थोडा दम एवढं पुरतं.

आधी बातमीचे तुकडे करा

‘अमुक देशानं तमुक देशाला गुपचूप क्षेपणास्त्रं दिली’ हे वाचायला एक वाक्य आहे, पण त्यात निदान पाच वेगवेगळे दावे असतात. माल नक्की काय होता. तो कुठून निघाला. कुणासाठी होता. पोचला का. आणि तिथं त्याचं काय होणार होतं. कागदावर हे पाच प्रश्न एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकासमोर बातमीत काय पुरावा दिलाय ते मांडा. बहुतेक वेळा दोन ओळी भरतात, तीन रिकाम्या राहतात. त्या रिकाम्या ओळी घाईनं भरू नका.

हे किती गरजेचं आहे ते कारगिलच्या वेळच्या एका प्रकरणात दिसतं. १९९९ च्या जूनमध्ये, तिकडं डोंगरावर लढाई चालू असताना, गुजरातच्या कांडला बंदरात ‘कु वोल सान’ नावाचं उत्तर कोरियाचं जहाज साखर उतरवायला लागलं होतं. कस्टम्सनं तपासलं तर पाणी शुद्ध करायची यंत्रं म्हणून दाखवलेल्या खोक्यांत क्षेपणास्त्रांचे भाग, ते बनवायची यंत्रसामग्री आणि ड्रॉइंग निघाली. माल काय होता याबद्दल शंका उरली नाही, तो प्रत्यक्ष हातात होता. कुठून आला तेही कळलं. पण कुणासाठी? आपल्या सरकारचं म्हणणं पाकिस्तानसाठी. पुढं काही वर्षांनी अमेरिकी वर्तमानपत्रांत आलं की तो लिबियाला चालला होता. म्हणजे माल पकडलेला, खोकी उघडलेली, आणि तरीही तिसऱ्या ओळीवर दोन उत्तरं. युद्ध चालू असताना ‘पाकिस्तान’ हे उत्तर सगळ्यांना लगेच पटलं असणार, मलाही पटलं असतं. म्हणूनच ती ओळ पेन्सिलीनं लिहायची.

कागद वाचायचे कसे

गुपचूप चाललेल्या मालाबरोबर कागद नसतात असा एक समज आहे. उलट असतं. माल जितका अडचणीचा, तितके कागद नीट. बिनकागदाचा डबा बंदराच्या गेटमधूनच आत जात नाही. खोट असते ती मालाच्या वर्णनात. ‘मशिनरी पार्ट्स’, ‘पंपाचे सुटे भाग’, ‘औद्योगिक ड्रायर’ असं काहीतरी. २०१६ च्या ऑगस्टमध्ये इजिप्तनं ‘जी शुन’ हे जहाज अडवलं. झेंडा कंबोडियाचा, खलाशी उत्तर कोरियाचे, वर लोहखनिज. खनिजाखाली खोक्यांत सुमारे ३० हजार आरपीजी (खांद्यावरून डागायची रणगाडाविरोधी अस्त्रं), आणि खोक्यांवर लिहिलेलं होतं पाण्याखालच्या पंपाचे भाग. २०१३ मध्ये पनामानं उत्तर कोरियाचं ‘चोंग चोन गांग’ अडवलं, तेव्हा क्युबाहून निघालेल्या साखरेच्या दोन लाखांवर गोण्या उपसाव्या लागल्या. खाली दोन मिग-२१ विमानं सुटी करून ठेवलेली, १५ इंजिनं आणि विमानविरोधी क्षेपणास्त्र यंत्रणेचे भाग. फेब्रुवारी २०२० मध्ये कांडल्यात ‘दा कुई युन’ या जहाजावर औद्योगिक ड्रायर म्हणून दाखवलेला ऑटोक्लेव्ह (दाबाखाली तापवायची मोठी बंद टाकी, जी क्षेपणास्त्रांच्या कामातही चालते) सापडला, चीनहून कराचीच्या पोर्ट कासिमला निघालेला.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, कारण बातम्यांत तिचा नेहमी गोंधळ होतो. २०२४ च्या न्हावा शेवा प्रकरणात कागदावरचा पाठवणारा आणि घेणारा वेगळा, खरा पाठवणारा आणि घेणारा वेगळा, असं तपासात पुढं आलं. वाचणाऱ्याला वाटतं, सापडली चोरी. पण मधल्या बंदरात बीएल बदलून घेणं, म्हणजे स्विच बीएल, हा रोजच्या व्यापारातला प्रकार आहे. दुबईचा किंवा सिंगापूरचा दलाल आपला पुरवठादार गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून तो सर्रास करतो. बीएलवर घेणाऱ्याच्या जागी नुसतं ‘टू ऑर्डर’ असणं हेही रोजचंच. त्यामुळे नाव लपवलंय एवढ्यावरून शस्त्रं ठरत नाहीत. लपवलेल्या नावामागं कोण आहे हे महत्त्वाचं. त्या प्रकरणात खरा घेणारा म्हणून जी कंपनी पुढं आली, तिच्यासाठी चाललेला इटालियन बनावटीचा माल मार्च २०२२ मध्ये याच बंदरात अडवला होता, आणि तेव्हापासून ती नजरेखाली होती. त्या बातमीतली ही सगळ्यात वजनदार माहिती, आणि ती शेवटून दुसऱ्या परिच्छेदात होती. बातमी शेवटपर्यंत वाचा.

उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या ऑपरेटरनं तेव्हा मला विचारलं होतं, "सीएनसी तर आपल्याकडं गल्लीबोळात हायत, मग तेवढ्यासाठी जहाज का अडवायचं?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की वासेनार करार नावाची एक आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे, भारत तिच्यात डिसेंबर २०१७ ला गेला. नागरी आणि लष्करी, दोन्हीकडं चालणाऱ्या वस्तूंची तिची यादी आहे. सीएनसीच्या बाबतीत किती अक्षांवर मशीन एका वेळी चालतं आणि किती अचूक चालतं, यावर ठरतं. आपल्याकडं साधे सुटे भाग टर्न करणारं नेहमीचं मशीन त्या यादीच्या जवळपासही येत नाही. म्हणून बातमीत ‘सीएनसी’ एवढंच लिहिलं असेल आणि अक्ष, अचूकता, मॉडेल काहीच नसेल, तर पहिल्या ओळीसमोरही ‘अर्धवट’ असं लिहा.

खोटे कागद पकडायची माझी आवडती गोष्ट मात्र जहाजाची नाही. इराकनं आफ्रिकेतल्या नायजर देशाकडून युरेनियम घ्यायचं ठरवलं होतं, अशी कागदपत्रं अमेरिकेनं इराकवर केलेल्या २००३ च्या युद्धाआधी गाजत होती. ७ मार्च २००३ ला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद एल्बरादेई यांनी सुरक्षा परिषदेत सांगितलं की ती खरी नाहीत. चूक कशात सापडली होती? २००० सालच्या पत्राखाली ज्या परराष्ट्रमंत्र्याची सही होती, त्याचं मंत्रिपद त्याच्या दहाएक वर्षं आधीच गेलं होतं. त्यासाठी गुप्तहेर लागला नाही. तारीख आणि पद समोरासमोर ठेवून बघणारा माणूस लागला. हे काम आम्ही रोज करतो. एलसीत, म्हणजे बँकेच्या पतपत्रात, दिलेल्या मुदतीत बीएलची तारीख बसली नाही तर बँक पैसे सोडत नाही. तेवढीच कडक नजर व्हॉट्सअपवर आलेल्या ‘गुप्त पत्राच्या’ फोटोवर टाका. सही कुणाची, त्या दिवशी तो त्या पदावर होता का, लेटरहेडवरचं खात्याचं नाव तेव्हा तेच होतं का. कागद खोटे ठरले तरी युद्ध थांबलं नाही, ते एल्बरादेईंच्या भाषणानंतर दोन आठवड्यांच्या आत सुरू झालं. ही गोष्ट मला फार लागते.

वजनाचं गणित स्वतः करा

कागदावर काहीही लिहिता येतं, वजनाला मात्र तसं वाकवता येत नाही. फाउंड्रीत राहिल्यामुळं हे अंगवळणी पडलंय. लोखंडाचं कास्टिंग भरलं की वीस फुटी कंटेनर निम्मा रिकामा दिसतो आणि वजनाची मर्यादा संपलेली असते. जुलै २०१६ पासून भरलेल्या डब्याचं पडताळलेलं वजन, ज्याला आम्ही व्हीजीएम म्हणतो, दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. त्यामुळे बातमीत कंटेनरचा आकडा आला की मी आधी भागाकार करते.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवते. फेब्रुवारी २०२४ मध्ये दक्षिण कोरियाचे संरक्षणमंत्री शिन वॉन-सिक म्हणाले की उत्तर कोरियानं रशियाला सुमारे ६,७०० कंटेनर पाठवले आहेत आणि त्यांत १५२ मिलिमीटरचे ३० लाखांवर तोफगोळे, किंवा १२२ मिलिमीटरची ५ लाखांवर रॉकेटं मावू शकतात. आपल्याकडं हे पोचलं ते ‘३० लाख गोळे आणि ५ लाख रॉकेटं दिली’ असं होऊन. आता बघा. ३० लाखांना ६,७०० नं भागलं की एका कंटेनरला सुमारे ४४७ गोळे येतात. १५२ मिलिमीटरचा गोळा साधारण ४३-४४ किलोचा. म्हणजे साडेएकोणीस टन. वीस फुटी डब्यात एवढं लोखंड आम्हीही भरतो, हा आकडा हवेतला नाही. पण त्यात लाकडी पेटीचं आणि गोळा उडवणाऱ्या दारूच्या नळकांड्याचं वजन कुठं आहे? नुसते गोळे धरले तरच ४४७ बसतात. पूर्ण सरंजामासह पाठवले असतील तर एका डब्यातले गोळे बरेच कमी होतील. दुसरा भागाकार करा, ५ लाख भागिले ६,७००, म्हणजे ७५ च्या आसपास रॉकेटं. एक रॉकेट ६६ किलोच्या आतबाहेर, एकूण पाच टनही होत नाहीत. इथं वजनाची मर्यादा आड येत नाही. ती तीन मीटरच्या आसपास लांब असतात, त्यामुळे पेट्यांसकट जागाही बरीच लागते. दोन्ही आकडे आपापल्या जागी शक्य आहेत, पण एकाच वेळी नाहीत, कारण डबे तेच आहेत.

म्हणजे मंत्र्यांनी सांगितला तो मावायचा हिशेब. कुणी डबे उघडून गोळे मोजले नव्हते. डबे गेले याचा पुरावा उपग्रहांच्या चित्रांतून येत होता. उत्तर कोरियाच्या राजिन बंदरात रचलेले डबे, ‘अंगारा’ आणि ‘मारिया’ ही रशियन जहाजं, रशियाच्या पूर्व टोकाला दुनाय, आणि तिथून रेल्वेनं तिखोरेत्स्कच्या दारूगोळा कोठारापर्यंत. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेनं हा मार्ग चित्रांसह जाहीर केला होता. मार्ग भक्कम, डब्यांची संख्या अंदाजाची, आतल्या मालाची संख्या अंदाजावरचा अंदाज. वहीत तीन वेगळ्या ओळी झाल्या की वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही.

जहाज शोधताना

जहाजाचं नाव रंगाच्या डब्यानं बदलतं, झेंडा फी भरून बदलतो. बदलत नाही तो आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा) क्रमांक. तो सात आकडी असतो आणि जहाज भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. बातमीत किंवा फोटोत तो दिला असेल तर खरा आहे का ते जागच्या जागी बघता येतं. पहिल्या सहा आकड्यांना क्रमानं ७, ६, ५, ४, ३, २ नं गुणा आणि बेरीज करा. बेरजेचा शेवटचा आकडा सातव्या आकड्याशी जुळायला हवा. ९०७४७२९ घ्या. ६३, ०, ३५, १६, २१, ४, बेरीज १३९, शेवटी ९. जुळलं. बनावट फोटोवर मनानं टाकलेला क्रमांक या एका बेरजेत बहुधा पडतो. मात्र जुळला म्हणजे तो त्याच जहाजाचा आहे असं नाही, दुसऱ्याचा खरा क्रमांक चोरूनही लावतात.

मग जहाजाचा माग. ३०० टनांवरच्या आंतरराष्ट्रीय फेरीच्या जहाजांना आपली जागा सतत सांगणारं एआयएस यंत्र लावावंच लागतं, आणि फुकट संकेतस्थळांवर ते फोनवर दिसतं. ‘जहाजानं यंत्र बंद केलं’ हे वाक्य अशा बातम्यांत हमखास असतं. चोंग चोन गांगनं कॅरिबियन समुद्रात खरंच बंद केलं होतं. पण येमेनमधल्या हूथी बंडखोरांच्या हल्ल्यांच्या भीतीनं तांबड्या समुद्रात साधी मालवाहू जहाजंही ते बंद करत होती. काही भागांत जीपीएस बिघडवल्यामुळं जहाज नकाशावर गोल गोल फिरताना किंवा चक्क विमानतळावर उभं असलेलं दिसतं. त्यामुळे माग तुटला की तारीख आणि ठिकाण फक्त टिपून ठेवा. त्यापेक्षा कामाची गोष्ट म्हणजे बुडीत खोली. जहाज पाण्यात किती खोल बसलंय ते एआयएसवर असतं. बंदरात शिरताना आणि निघताना ती बदलली तर माल चढला किंवा उतरला असण्याची शक्यता मोठी. हा आकडा जहाजावरचा माणूस हातानं भरतो, तेवढं लक्षात ठेवा.

उपग्रहाची चित्रं बघायची हौस असेल तर युरोपच्या सेंटिनेल-२ ची चित्रं कुणालाही फुकट मिळतात, साधारण पाच दिवसांनी एकाच जागेचं नवं. पण त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर. वीस फुटी कंटेनर सहा मीटरचा, म्हणजे ठिपक्याहून लहान. जहाज दिसेल, धक्क्यावर ढीग आहे की नाही तेही दिसेल, डबे मोजता येणार नाहीत. फुकटच्या चित्रावर बाण काढून ‘इथं क्षेपणास्त्रं ठेवलीत’ असं कुणी लिहिलं असेल तर ते चित्रातून आलेलं नाही, लिहिणाऱ्याच्या मनातून आलंय.

उघडून बघेपर्यंत

दोन प्रकरणं शेजारी शेजारी ठेवते. १९९३ मध्ये अमेरिकेनं जाहीर केलं की ‘यिन्हे’ हे चिनी जहाज इराणला रासायनिक अस्त्रांचा कच्चा माल घेऊन चाललंय. जहाज आठवड्यानुआठवडे समुद्रात अडकलं. शेवटी सौदी अरेबियाच्या दम्माम बंदरात ते तपासलं, आणि सांगितलेली रसायनं त्यात नव्हती. अमेरिकेला पक्की खात्री होती, तरीही.

दुसरं २००२ च्या डिसेंबरमधलं. ‘सो सान’ हे उत्तर कोरियाचं जहाज स्पेनच्या नौदलानं अरबी समुद्रात थांबवलं. सिमेंटच्या गोण्यांखाली १५ स्कड क्षेपणास्त्रं मिळाली. तक्रार खरी निघाली, माल हातात आला, आणि जहाज सोडून द्यावं लागलं. कारण घेणारा येमेन होता, त्यानं हा आपला रीतसर सौदा असल्याचं सांगितलं आणि तो जप्त करायला त्या वेळच्या आंतरराष्ट्रीय कायद्यात आधार नव्हता. गोण्यांखाली दडवलेला माल बेकायदाच असेल असं नसतं. तेव्हा पाच ओळींखाली एक सहावी घाला. कुठला नियम मोडला? सुरक्षा परिषदेचा ठराव असेल तर त्याचा क्रमांक बातमीत असतो. उत्तर कोरियावरचे निर्बंध २००६ च्या १७१८ क्रमांकाच्या ठरावापासून सुरू होतात. क्रमांक नसेल तर बातमीदारालाही ते ठाऊक नसण्याची शक्यता धरा.

सगळ्यात पक्का पुरावा मिळतो तो शस्त्र वापरल्यावर. २ जानेवारी २०२४ ला युक्रेनच्या खारकीवमध्ये पडलेल्या क्षेपणास्त्राचे तुकडे कॉन्फ्लिक्ट आर्मामेंट रिसर्च या संस्थेच्या लोकांनी हातात घेऊन बघितले. एका भागावर कोरियन लिपीतलं अक्षर होतं, आणि ११२ हा आकडा, जो उत्तर कोरियाच्या तेव्हाच्या कालगणनेत २०२३ साल होतो. आत २९० च्या वर परदेशी इलेक्ट्रॉनिक भाग निघाले, त्यातले बहुतेक अमेरिकी कंपन्यांशी जोडलेले. निर्बंधांच्या एवढ्या भिंती असताना ते भाग तिथं पोचले कसे, याचं उत्तर पुन्हा माझ्यासारख्यांच्या टेबलावरच्या कागदांत असतं. म्हणून हा विषय मला परका वाटत नाही.

खंडन आणि दुश्मनी

ज्याच्यावर आरोप झालाय त्याचं म्हणणं बातमीत शोधा आणि तेही वहीत लिहा. न्हावा शेवाच्या प्रकरणात पाकिस्तान म्हणालं, कराचीतल्या कंपनीनं गाड्यांच्या भागांसाठी मागवलेलं साधं लेथ मशीन आहे. कांडल्याच्या ऑटोक्लेव्हबद्दल चीन म्हणालं, ते लष्करी वापराचं नाही. ‘चोंग चोन गांग’च्या वेळी क्युबानं माल आपला असल्याचं मान्य केलं, पण जुनाट आणि दुरुस्तीला चाललाय असं सांगितलं. असं अर्धं मान्य करणारं खंडन सगळ्यात उपयोगी, कारण त्यानं पहिल्या दोन ओळी पक्क्या होतात. इराणनं रशियाला ड्रोन दिल्याचं महिनोनमहिने नाकारलं, आणि ५ नोव्हेंबर २०२२ ला त्यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी थोडे दिले, पण युद्धाआधी, असं सांगितलं. खंडनाला तारीख घालून ठेवा, ती पुढं कामाला येते.

‘ते तर एकमेकांचे वैरी, ते कशाला शस्त्रं देतील’ असं कुणी म्हणालं तर त्याला १९८५ दाखवा. इराणमध्ये अमेरिका आणि इस्राएलच्या नावानं घोषणा चालू होत्या, इराण-इराक युद्ध पेटलं होतं, आणि त्याच वर्षी इस्राएलमार्फत अमेरिकी बनावटीची टो रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रं इराणला गेली, ऑगस्टमध्ये ९६ आणि सप्टेंबरमध्ये ४०८. अमेरिकेला लेबनॉनमधले आपले ओलीस सोडवायचे होते, इराणला रणगाडे थोपवायचे होते. ३ नोव्हेंबर १९८६ ला लेबनॉनच्या ‘अश-शिरा’ साप्ताहिकानं हे फोडलं. रेगन यांनी आधी ओलिसांच्या बदल्यात शस्त्रं दिल्याचं नाकारलं, मार्च १९८७ मध्ये टीव्हीवर येऊन पुरावे वेगळं सांगतात असं कबूल केलं. दोन देशांची भाषणं ऐकून त्यांचे सौदे ओळखता येत नाहीत. दोघांना त्या घडीला काय हवं होतं ते बघा.

पाठपुरावा कुठं करायचा? मोठ्या शस्त्रांच्या उघड व्यवहारांसाठी स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेची माहिती सगळ्यांना खुली आहे. उत्तर कोरियासाठी संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाचे जुने अहवाल वाचण्यासारखे आहेत, जहाजांचे फोटो आणि बीएलसकट. रशियानं मार्च २०२४ मध्ये नकाराधिकार वापरला आणि ते मंडळ एप्रिलअखेर बंद झालं. मला हे मोठं नुकसान वाटतं. आता ११ देशांचा एक गट ते काम करतो, पण त्यात रशिया-चीन नाहीत, म्हणून वाचताना ते लक्षात ठेवावं लागतं.

फॉरवर्ड करायच्या आधी

वहिनीला मी आता सरळ तुकडे करून लिहिते. "माल पकडलाय हे खरं. कुणाचा ते सरकार सांगतंय, अजून दुसऱ्या कुणी दुजोरा दिलेला नाही. पोचला नाही, बंदरातच आहे. भावाच्या युनिटशी याचा काही संबंध नाही." एवढं लिहिलं की ती शांत होते, आणि तेच पुढं चार घरांत जातं. तुम्हीही पुढं पाठवताना कुठल्या ओळी भरल्या आणि कुठल्या रिकाम्या ते वर लिहा. आपल्या भागातल्या फौजींच्या हालचालीची, रेल्वेनं चाललेल्या तोफांची क्लिप मात्र खरी असो वा खोटी, पाठवू नका. शत्रूही अशीच बेरीज करत बसलेला असतो.

तुमच्याच मेलवर चौकशी आली तर

हा भाग कागल, शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखानदारांसाठी. आमच्याकडं एकदा आखातातल्या एका व्यापाऱ्याची व्हॉल्व्ह बॉडीची चौकशी आली. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली मूळ कंपनीच्या नावाची चौकट खोडलेली. धातू निकेल आणि क्रोमियम जास्त असलेला, जो सांडपाण्याच्या व्हॉल्व्हला कुणी मागत नाही. दर न विचारता आगाऊ पैसे द्यायची तयारी. शेवटचा वापर काय, विचारल्यावर उत्तर ‘जनरल इंडस्ट्रियल’. मी मालकांसमोर स्कोमेटची, म्हणजे परवान्याशिवाय निर्यात करता न येणाऱ्या वस्तूंची सरकारी यादी ठेवली. २५ टक्क्यांवर निकेल आणि २० टक्क्यांवर क्रोमियमच्या मिश्रधातूचे व्हॉल्व्ह आणि पंप रासायनिक अस्त्रांच्या कारखान्यातही चालतात, म्हणून ऑस्ट्रेलिया ग्रुप या, अशी अस्त्रं रोखणाऱ्या देशांच्या गटाच्या नियंत्रणात आहेत, आणि भारत त्या गटात जानेवारी २०१८ पासून आहे. मालकांनी ऑर्डर नाकारली. महिन्याचं टार्गेट हुकलं, त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही.

तुमच्याकडं असं आलं तर घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि संकेतस्थळ तीन ठिकाणी ताडून बघा, पत्ता नुसता फॉरवर्डरच्या (माल पोचवणाऱ्या एजंटच्या) गोदामाचा निघाला तर थांबा. शेवटच्या वापराचं प्रमाणपत्र मागा, तेही व्यापाऱ्याकडून न घेता वापरणाऱ्या कारखान्याच्या सहीचं. वस्तू स्कोमेट यादीत बसते असं वाटलं तर डीजीएफटीचा (विदेश व्यापार महासंचालनालयाचा) परवाना मिळाल्याखेरीज सँपलसुद्धा पाठवू नका. यादीत बसत नसली तरी ती महासंहारक अस्त्रांसाठी चाललीय हे तुम्हाला माहीत असेल, तर २००५ च्या कायद्यानं ती पाठवणं गुन्हाच आहे. सीएचए (कस्टम्सचं काम बघणारा एजंट) ‘एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गाचा क्रमांक, बदलून बघू’ म्हणाला तर सीएचए बदला. आणि नाकारलेल्या चौकशीचे मेल पुसू नका, तारखेनं एका फाइलला लावून ठेवा. तोच व्यापारी दुसऱ्या नावानं शेजारच्या फाउंड्रीत जातो, तेव्हा त्यांना दाखवायला ते लागतात.